डायलिसिसची प्रश्नावली मराठीत आणताना: "इथं कोणी त्रास नाही देत, माय"

पूर्णाकाठ | सोमवार, रात्री 9:52

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

मी नर्सिंगची. पदव्युत्तरच्या प्रबंधासाठी सध्या अकोला-अमरावतीच्या मधल्या पट्ट्यातल्या तीन-चार डायलिसिस केंद्रांवर फिरते आहे. काम असं: डायलिसिसच्या पेशंटचं जगणं कसं चाललंय हे मोजणारी एक इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणायची आणि मराठीत आल्यावरही ती तेच मोजते का, हे तपासायचं. प्रश्नावलीचं नाव केडीक्यूओएल-36 (किडनी डिसीज क्वालिटी ऑफ लाइफ, 36 प्रश्नांची). मूळ अमेरिकेतल्या रँड संस्थेचं. 1994 साली हेज आणि सहकाऱ्यांनी जी मोठी प्रश्नावली मांडली, तिचीच ही आटोपशीर आवृत्ती. पहिले 12 प्रश्न सर्वसाधारण तब्येतीचे, कुणालाही विचारता येतील असे. मग 4 आजाराच्या ओझ्याचे, 12 लक्षणांचे आणि 8 आजारानं रोजच्या जगण्यात काय अडवलं त्याचे. या शेवटच्या 24 प्रश्नांच्या उत्तरांना 0 ते 100 गुण. जास्त गुण म्हणजे बरं चाललंय.

कागदावर सगळं रीतसर केलं. दोघांनी वेगवेगळं मराठी भाषांतर केलं, एक वैद्यकातला, एक बाहेरचा. दोन्ही जुळवून एक केलं. मग ज्यांनी मूळ कधी पाहिलंच नव्हतं अशा दोघांकडून ते परत इंग्रजीत करून घेतलं. समिती बसली, चहा-बिस्किटं झाली, उलट भाषांतर मुळाशी इतकं जुळलं की गाईड म्हणाले, आता पेशंटवर चालवून बघायची तेवढी औपचारिकता राहिली.

पहिल्याच दिवशी दुसऱ्या पाळीला एक आजी होत्या. सत्तरीच्या आसपास, दर्यापूर बाजूच्या. डावा हात मशीनला. मी वाचलं, "गेल्या चार आठवड्यांत अंगाला खाज सुटण्याचा तुम्हाला कितपत त्रास झाला?" आजींनी आधी पलीकडच्या सिस्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "नाई माय, इथं कोणी त्रास नाई देत. सारे पोट्टे चांगले हायेत." आणि हे सांगताना उजव्या हाताच्या नखांनी पोटरी खाजवणं चालूच. काळ्या कातडीवर पांढऱ्या रेघा उठत होत्या.

मी 'अजिबात त्रास नाही' वर खूण केली. त्या प्रश्नाला आजींना 100 पैकी 100.

त्या दिवसापासून कागद हातात घेतला की ती पोटरी दिसते.

पुढे असंच निघत गेलं. 'ॲक्सेस साइट' म्हणजे जिथून सुया घालतात ती जागा, तिचं आमच्या भाषांतरात झालं होतं 'प्रवेशमार्ग'. "प्रवेशमार्गाच्या अडचणींचा किती त्रास?" यावर एका दादांनी फाट्यापासून केंद्रापर्यंतच्या खड्ड्यांचं पाच मिनिटं वर्णन केलं. पेशंटच्या तोंडी शब्द आहे 'फिस्टुला' (सुया घालता याव्यात म्हणून शस्त्रक्रियेनं जोडलेली हाताची नस), नाहीतर नुसतं 'हाताची नस', आणि ज्यांना अजून फिस्टुला नाही त्यांची 'मानेतली नळी'. तिघांना मिळून एक शब्द सापडत नव्हता. शेवटी 'सुई लावायची जागा किंवा मानेतली नळी' असं सरळ लिहिलं. (समितीत कुणी हे सुचवलंच नाही. सुचवणाऱ्याला डायलिसिसच्या खोलीत एकदा तरी बसावं लागलं असतं.)

मूळात मध्यम श्रमाचं उदाहरण म्हणून टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं, बोलिंग आणि गोल्फ आहे. ते बदलायचंच होतं. आम्ही बायकांसाठी अंगण झाडणं आणि पाण्याची कळशी उचलणं घातलं. त्यावरही एक काका म्हणाले, "हे बाईचं काम, मले काय ठाऊक." पुरुषांना काय विचारायचं, डवरणी (उभ्या पिकात डवरा चालवणं)? ते मध्यम श्रम नाहीत, आडवं करणारे श्रम आहेत. जिने चढण्याचा प्रश्न तर अर्ध्या लोकांच्या घरात जिनाच नसल्यानं हवेत.

आणि सगळ्यात वाईट ते ओझ्याचे चार प्रश्न. तिथं विधान द्यायचं आणि पेशंटनं ठरवायचं: 'पूर्णपणे खरं, बहुतांशी खरं, माहीत नाही, बहुतांशी चूक, पूर्णपणे चूक'. एक दादा 'चूक' ऐकताच म्हणाले, "चूक माहीच हाये. कंबर दुखायची, रोजच्या रोज गोळ्या खाल्ल्या दुकानातून आणून." मी कुठल्या पर्यायावर खूण करू?

तर माझे प्रश्न. किती बदललं तरी प्रश्नावली मूळची राहते? सगळी वऱ्हाडीत करावी का? आणि आकडेमोड जाणणाऱ्यांनी सांगा, या अशा उत्तरांतून अल्फा (एका गटातले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते दाखवणारा आकडा) काढला तर तो काही पकडेल का?

---

लिंबाची सावली | सोमवार, रात्री 10:20

वाचतेय. वाचनखूण साठवली.

---

भाषांतरी | सोमवार, रात्री 11:05

ताई, मी पुण्यात बसून औषध कंपन्यांच्या प्रश्नावल्यांचं भाषांतर करते, त्यामुळे 'प्रवेशमार्ग' वाचून कान लाल झाले. असले शब्द आम्हीच पाडतो.

उलट भाषांतर ज्याच्याकडून करून घेतो त्याला इंग्रजी येतं, आणि तिथंच फसतं. त्यानं 'त्रास' वाचला की त्याच्या डोक्यात आपोआप 'बॉदर' उमटतं, कारण तो शब्दकोशाच्याच वाटेनं चालणारा माणूस. दर्यापूरच्या आजी त्या वाटेनं जात नाहीत. त्यांच्याकडे 'त्रास' हा कुणीतरी कुणाला तरी देतो. सासू सुनेला देते, तलाठी शेतकऱ्याला देतो. म्हणून त्यांनी आधी सिस्टरकडे पाहिलं. त्यांच्या मते तुम्ही तक्रार लिहून घ्यायला आला होतात.

2000 साली बीटन आणि सहकाऱ्यांनी भाषांतराची जी पद्धत मांडली, तिच्यात शेवटी 30 ते 40 जणांवर चाचणी करायला सांगितली आहे, आणि प्रत्येकाला 'या प्रश्नाचा तुम्ही काय अर्थ घेतलात' असंही विचारायला सांगितलंय. बहुतेक जण प्रश्नावली भरून घेतात आणि हे विचारायचं सोडून देतात. तुम्ही न ठरवता ते केलंत.

'त्रास'ला पर्याय म्हणून 'हैराण' चालेल का? "खाजेनं किती हैराण केलं?" इथं हैराण करणारी खाज आहे, माणूस नाही.

---

पूर्णाकाठ | मंगळवार, दुपारी 1:40

भाषांतरीताई, आज सकाळी 'हैराण' चालवून पाहिला. पहिल्याच बाईनं कपाळाला हात लावला, "हैराण म्हंता? रातभर झोपू देत नाई, भिंतीले पाठ घासतो मी." हा शब्द राहणार.

---

अंकमोड | मंगळवार, सायं. 6:15

अल्फाबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. थोडं रूक्ष आहे.

क्रॉनबाखचा अल्फा एवढंच सांगतो की एका गटातले प्रश्न एकमेकांसोबत हलतात का. 0.70 च्या वर हवा असा रिवाज आहे, आणि 0.95 च्याही वर गेला तर बहुधा तुम्ही एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारताय. पण ते सोबत का हलतात, हे त्याला कळत नाही. समजा खोलीतले निम्मे पेशंट भिडस्त आहेत, सगळ्याला 'ठीक आहे' म्हणतात. उरलेले निम्मे वैतागलेले, सगळ्याला 'लय वाईट'. कुणी प्रश्न ऐकलाच नाही तरी अल्फा झकास येईल. तुमच्या आजी तुमचा अल्फा वाढवताहेत, ताई.

म्हणून एकेका प्रश्नाचा बाकीच्या गटाशी संबंध पाहा. जो प्रश्न उलटा किंवा वेडावाकडा चालतो तो आधी भाषेच्या माणसाकडे न्या, नंतर माझ्यासारख्याकडे. शिवाय प्रत्येक गटाच्या एकत्रित गुणांत किती जण थेट 0 वर किंवा थेट 100 वर बसलेत ते मोजा. 15 टक्क्यांहून जास्त एका टोकाला गोळा झाले तर फूटपट्टी तिथं संपते असं मानतात. त्यांच्यात पुढे काय सुधारलं, काय बिघडलं, ते दिसणार नाही.

ओझ्याच्या प्रश्नांत आणखी एक खड्डा आहे. तिथं 'माहीत नाही' हा मधला पर्याय आणि त्याला 50 गुण आहेत. आपल्याकडे 'माहीत नाही' म्हणजे माणसाला प्रश्न कळला नाही, किंवा सांगायचं नाही, किंवा 'देवाले माहीत'. तिन्हींना 50.

नमुन्याचं गणित: आजाराचे म्हणून जे 24 प्रश्न आहेत त्यांना प्रश्नामागे 5 ते 10 माणसं धरली तर 120 ते 240 लागतील. तुमच्या एका केंद्रात किती मशीन?

---

पूर्णाकाठ | मंगळवार, सायं. 7:02

पाच. तीन पाळ्या, सहा दिवस. म्हणजे आठवड्याला 90 जागा. तीनदा येणारे असते तर 30 पेशंट, दोनदावाले असते तर 45. बहुतेक दोनदाच येतात, परवडत नाही. उपचार योजनेत मोफत आहे, पण यायला-जायला लागतं आणि सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते. एसटीत सवलत आहे, पण एसटी वेळेवर असायला हवी ना. म्हणूनच चार केंद्रं धरली आहेत.

---

तिसरी_पाळी | मंगळवार, रात्री 11:48

मी डायलिसिस टेक्निशियन आहे. घरी आत्ता पोचलो, म्हणून उशिरा. नऊ वर्षं झाली या कामात. सांगायचं बरंच आहे, दोनच गोष्टी सांगतो.

पहिली, वेळ. चार तासांचं मशीन असते. पहिल्या तासात माणूस बोलते. दुसऱ्यात झोपते. तिसऱ्या तासात पाणी ओढून ओढून बीपी उतरते, पायात गोळे येतात, मी पाय दाबत असतो आणि कोणी विचारलं "गेल्या चार आठवड्यांत गोळे आले का" तर तो काय म्हणेल? गेले चार आठवडे त्याच्यासाठी आत्ताच चालू हायेत. चौथ्या तासात सगळ्यांचं ध्यान घड्याळाकडं, शेवटची गाडी चुकली तर मुक्काम. एकाला पहिल्या तासात आणि दुसऱ्याला चौथ्यात विचारलं तर तुमचा आकडा पेशंटचा नाही, घड्याळाचा.

दुसरी गोष्ट, विचारणारा. आमच्याकडे एकदा कोणी असाच कागद घेऊन आलं होतं, वेळ नव्हता म्हणून आम्हालाच भरून घ्यायला सांगितलं. मी विचारू पेशंटला, 'पाण्याचं बंधन तुम्हाला किती हैराण करते'? दर खेपेला वजन करून रागावणारा मीच. दोन डायलिसिसमध्ये साडेतीन-चार किलो वाढवून आला की पहिला प्रश्न माझाच असते, "किती पाणी पेले?" आणि पहिलं उत्तर नेहमी एकच, "अर्धा गिलास." मे महिन्यात अकोल्याला 45 च्या वर पारा, पत्र्याच्या घरात माणूस, त्याला दिवसाचं लिटरभर पाणी. बर्फाचा तुकडा तोंडात धरून बसतात. ते बंधन कसं वाटते, हे तो मला सांगणार नाही. तुम्हाला सांगेल. पण पांढरा कोट काढून या, ताई.

---

झेंडूची माळ | बुधवार, सकाळी 8:10

एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ विचारा ना, "बरं आहे का?"

---

तिसरी_पाळी | बुधवार, सकाळी 8:31

रोज विचारतो भाऊ. रोज "बरं हाये" म्हणतात. परवा असंच म्हणणारा पाच किलो वाढवून आला होता, आडवं झोपता येत नव्हतं त्याला.

---

अंकमोड | बुधवार, सकाळी 9:20

तिसरी_पाळी यांच्या मुद्द्याला जोडून. एक-दोन आठवड्यांनी तीच प्रश्नावली त्याच माणसांना परत विचारून उत्तरं टिकतात का हे बघायचं असतं. तेव्हा तीच पाळी, तोच तास, शक्यतो तोच विचारणारा ठेवा. आणि ते जुळणं साध्या सहसंबंधानं मोजू नका. तिघांना पहिल्यांदा 40, 50, 60 मिळाले आणि दुसऱ्यांदा 60, 70, 80, तर सहसंबंध पूर्ण 1 येतो, आणि सगळेच 20 गुणांनी सरकलेत हे दिसतच नाही. आयसीसी (दोन वेळची उत्तरं किती जुळतात ते मोजणारा आकडा) काढा, तोही नुसता क्रम न बघता प्रत्यक्ष आकडे जुळतात का ते बघणारा. आणि मध्ये उन्हाची लाट आली किंवा पोळ्यासारखा सण झाला तर ते लिहून ठेवा.

---

वेचणी | बुधवार, दुपारी 3:33

मी पेशंटची मुलगी. बाबा सव्वा वर्षापासून डायलिसिसवर आहेत. अशीच कुणीतरी ताई आमच्या केंद्रावर प्रश्न विचारायला आली होती (तुम्हीच असाल किंवा नसाल).

बाबांच्या उशाशी आई बसलेली. ताईंनी विचारलं, "मी घरच्यांवर ओझं झालोय, असं वाटतं का?" बाबांनी आईकडे पाहिलंही नाही. मशीनकडे बघत म्हणाले, "छ्या. पोरगी कमावते, बायको धडधाकट हाये, ओझं कायचं?" ताईंनी लिहून घेतलं. आई पिशवीची गाठ सोडत होती, पुन्हा बांधत होती.

परतीच्या गाडीत मी मागच्या सीटवर. बाबा आईला म्हणाले, "त्या पोरीले खोटं सांगतलं म्या."

आई म्हणाली, "मले माईत हाये. डब्बा खाऊन घ्या."

तुमच्या कागदावर त्या दिवशी बाबांना 100 मिळाले असतील. एवढंच सांगायचं होतं.

---

पूर्णाकाठ | बुधवार, रात्री 10:14

वेचणी, मी नव्हते. पण मीही असंच नातेवाइकांसमोर विचारलंय, बरेच वेळा. घरच्यांना "चहा घेऊन या" म्हणायला संकोच वाटायचा. आता नियमच केला: ओझ्याचे चार प्रश्न आणि तो नवरा-बायकोच्या संबंधांचा एक, हे पाच एकट्यालाच विचारायचे, सगळ्यात शेवटी, आणि 'उत्तर द्यायचं नसेल तर सोडा' असं आधी सांगून. संबंधांचा प्रश्न जवळजवळ सगळे सोडतात. गुण देताना दिलेल्या उत्तरांचीच सरासरी घेतात, म्हणून गणित बिघडत नाही. पण आठातला एक प्रश्न बहुतेक सगळ्यांनी रिकामा सोडला, हे प्रबंधात ठळक लिहिणार आहे.

अजून एक, काल घडलेलं. 'दिसण्यावर झालेल्या परिणामा'चा प्रश्न. मला वाटलं रंग काळवंडला, तोंड सुजलं, असं काही येईल. पस्तिशीची बाई होती, पूर्ण बाह्यांचं ब्लाउज, एवढ्या उकाड्यात. म्हणाली, "ताई, ह्या हातात बांगडी नाही घालता येत. फिस्टुला आहे म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, काही घट्ट घालायचं नाही. एका हातात बांगड्या, दुसरा भुंडा. लग्नात हळदीकुंकवाच्या वेळी एका बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या बाईला कुंकू लावलं."

मूळ प्रश्नात 'दिसणं' एवढाच शब्द आहे. तिनं पाच पर्यायांतून 'खूप' निवडलं आणि मीही 'खूप' लिहिलं. कागदावर तिचं 'खूप' आणि कुणा तोंड सुजलेल्याचं 'खूप' एकच.

---

भाषांतरी | बुधवार, रात्री 11:30

हळदीकुंकवाचं वाचून गप्प बसले थोडा वेळ.

कामाचं बोलायचं तर 36 प्रश्न आहेत तेवढेच ठेवा, त्यांत भर घातली की दुसरीकडच्या आकड्यांशी तुलना गेली. पण शेवटी वेगळ्या पानावर 'आमच्याकडचे प्रश्न' म्हणून पाच-सहा जोडता येतील, गुणांत न धरता. बांगडीचा तिथं विचारा. यायला किती तास लागतात, सोबत कोण येतं, कुणाची मजुरी बुडते, तेही.

---

सातपुड्याखाली | गुरुवार, सकाळी 7:05

सगळी वऱ्हाडीत करावी का, या प्रश्नावर. मी धारणी भागात आरोग्याचं काम करतो. ग्रामीण विदर्भ म्हणजे वऱ्हाडी, असं धरू नका. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे झाडीबोली आहे, तिथं तुमची वऱ्हाडी परकी वाटेल. गडचिरोलीत गोंडी, माडिया आहेत. आमच्याकडे कोरकू. कोरकू म्हाताऱ्याला मराठी प्रश्न विचारला की सोबतचा पुतण्या तो कोरकूत सांगतो, म्हातारा दोन मिनिटं बोलतो आणि पुतण्या मराठीत सांगतो, "नाही म्हणतात." दोन मिनिटं काय बोलला ते कुठंच जात नाही.

माझं मत: कागद साध्या मराठीत ठेवा, छापील पुस्तकी नको. विचारणाऱ्याला मात्र बोलीत समजावायची मुभा द्या, पण कोणते शब्द वापरायचे ते आधी ठरवून लिहून ठेवा. नाहीतर प्रत्येक जण आपल्या मनानं समजावेल. आणि कोरकू पेशंट या अभ्यासात घेऊ नका. त्यांच्यासाठी वेगळं काम करायला हवं, पण पुतण्याच्या तोंडून नाही.

---

कोरडं वजन | गुरुवार, दुपारी 12:18

आयडीवरून ओळखलं असेलच (कोरडं वजन म्हणजे मशीननं अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन). निवृत्त शिक्षक, पाच वर्षांपासून आठवड्यातून तीनदा. तुमच्या धाग्यातला 'पेशंट' तो मीच म्हणा. इतके जण माझ्याबद्दल बोलताय, म्हटलं आपणही तोंड उघडावं.

'गेल्या चार आठवड्यांत' हे गावात चालत नाही. आठवडा मोजतो कोण? विचारा, 'मागच्या चार बाजारांत'. ज्याच्या गावचा बाजार बुधवारी, तो बुधवार मोजेल, ज्याचा रविवारी तो रविवार. आमच्या बाजूच्या पलंगावरच्या बाईनं तर सांगितलं, "मागच्या बाजारी उभी राहू शकलो नाई, त्याच्या मागच्या बाजारी भाजी घेऊन आलो." चार बाजारांचा हिशोब तिनं बोटांवर करून दिला.

पाच पर्यायांसाठी आणे वापरा. आमच्या वयाच्या लोकांना चार आणे, आठ आणे, बारा आणे, सोळा आणे हे 'काही प्रमाणात' आणि 'बऱ्याच प्रमाणात' पेक्षा लख्ख कळतं. आणि काहीच नाही तर 'छदाम नाही'.

आता ते 'डॉक्टर आणि दवाखान्यातल्या लोकांवर अवलंबून राहावं लागतं, याचा किती त्रास'. हा प्रश्न ऐकून मला हसू आलं होतं. अवलंबून आहो म्हणून जिवंत आहो. आमच्या गावात पूर्णेच्या काठचं खारं पाणी आहे, विहिरीचं तोंडात धरवत नाही. गावात किडनीचे पेशंट किती, ते मोजायला स्मशानात जावं लागते. सारे पाण्याकडे बोट दाखवतात. मला शुगर आहे, बीपी आहे, मी एकट्या पाण्याला दोष देत नाही. पण ज्यांना मशीन मिळालं नाही ते गेले आणि मी आहो. ते अवलंबून राहणं मला नको कसं वाटेल? ज्यानं हा प्रश्न लिहिला त्याच्या देशात दवाखान्यात जागा असणं ही गृहीत धरलेली गोष्ट असेल.

आणि संत्री. खाण्याच्या बंधनाच्या प्रश्नाला मी सोळा आणे त्रास लिहितो, फक्त संत्र्यापायी. त्यात पोटॅशियम, आणि ते आमची किडनी बाहेर टाकत नाही. माझी सोयरीक वरुडकडे आहे, मृग बहाराची पेटी दरवर्षी घरी येते. नातू सोलतो, सालीचा वास घरभर होतो. मी उठून ओसरीवर जाऊन बसतो.

---

अंकमोड | गुरुवार, दुपारी 2:50

सर, 'डॉक्टरांवर अवलंबून' तुम्ही जसं सांगितलं तसंच बाकीच्यांनी घेतलं, तर तो प्रश्न गटातल्या इतर प्रश्नांच्या उलट दिशेनं चालेल आणि मला तो आकड्यात दिसेल. पण का उलट चालतो ते आकड्यात दिसलं नसतं. ताई, सरांचं हे वाक्य प्रबंधात घ्या, त्यांची परवानगी घेऊन.

आण्यांना मात्र माझा विरोध. पन्नाशीच्या आतल्या पेशंटला आणे ठाऊक नाहीत. आणि चार आणे, आठ आणे म्हटलं की पर्यायांत सारखं अंतर असल्याचा भास होतो. मूळात तसा दावा नाही.

---

कोरडं वजन | गुरुवार, दुपारी 3:11

गुण देताना तुम्ही 0, 25, 50, 75, 100 असंच देता ना? मग तुमचं अंतर सारखं आणि माझं नाही, हे कसं?

---

अंकमोड | गुरुवार, दुपारी 3:26

बरोबर पकडलंत, सर. तरीही तरुणांचा मुद्दा उरतो.

---

तिसरी_पाळी | गुरुवार, रात्री 11:55

वाट्या. एका पाटावर पाच वाट्या ठेवा, पहिली रिकामी, शेवटची ज्वारीनं काठोकाठ. बोट दाखवू द्या. आमच्याकडे मानसिक आरोग्यवाले आले होते त्यांनी असंच काही केलं होतं, म्हातारे-तरुण दोघांना जमलं. एक हात मशीनला अडकलेला असते, कागद-पेन कोण धरेल? बोट दाखवता येते.

---

पूर्णाकाठ | शुक्रवार, रात्री 9:10

वाट्यांचं चित्र काढून छापलं, खऱ्या वाट्या खोलीत नेता आल्या नाहीत, इन्फेक्शनच्या नियमात बसत नाही म्हणे. खालच्या ओळीत शब्द ठेवलेत, वाचता येणाऱ्यांसाठी. ओझ्याच्या प्रश्नांत 'चूक' काढून 'खोटं'ही नको वाटलं, शेवटी "हे तुमच्या बाबतीत किती लागू पडते" असं विचारलंय. 'माहीत नाही' आहे तिथंच ठेवलं, मूळ रचना मोडायची नाही म्हणून, पण जो तो निवडेल त्याला 'का' विचारून कोपऱ्यात लिहून घेतेय. 'चार बाजार' घेतलं. गाईड म्हणाले समिती हसेल. हसू द्या.

आज त्या पहिल्या आजींकडे परत गेले. या वेळी दुसऱ्या पाळीच्या पहिल्या तासात, साध्या साडीवर. सून बाहेर बाकावर. विचारलं, "मागच्या चार बाजारांत खाजेनं किती हैराण केलं?" आजींनी चित्राकडे बराच वेळ पाहिलं, मग शेवटच्या वाटीवर बोट ठेवलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "अजून मोठी वाटी नाई का?"

कोरडं वजन सर, एक विनंती. नवा कागद तुमच्यावर चालवून बघू का? तुम्ही प्रश्नागणिक भांडाल, ते मला हवंच आहे. आणि तुमचं ते वाक्य प्रबंधात वापरू द्याल का, नाव न घालता?

---

कोरडं वजन | शुक्रवार, रात्री 9:42

वाक्य वापर. कोणतं केंद्र ते व्यनि (खासगी निरोप) करतो.

मंगळवारी ये, दुसरी पाळी, पहिला तास. माझा डावा हात मशीनला असतो, तू उजवीकडे बसजो. आणि पिशवीत संत्री असतील तर बाहेर ठेवून येजो.